जुने गोवे येथील पुराणवस्तुसंग्रहालय : जागा बदललेल्या वस्तूंची साक्ष

पणजीहून मांडवी नदीच्या काठाने पूर्वेकडे निघाले म्हणजे रायबंदरचा सतराव्या शतकातील दगडी सेतू ओलांडून सुमारे दहा किलोमीटरवर जुने गोवे लागते. तिसवाडी तालुक्यातील हे आज एक गाव आहे. तेथे ग्रामपंचायत आहे, नारळीची कुळागरे आहेत, आणि नदीपलीकडे दिवाडी बेटाकडे जाणारी फेरीबोट आहे. प्रवाशांच्या मोटारी मात्र बॉम जेझूस बासिलिका आणि से कॅथेड्रल या दोन भव्य वास्तूंसमोर थांबतात. तेथील दर्शन आटोपले म्हणजे बहुतेक जण परतीच्या वाटेला लागतात. से कॅथेड्रलच्या पश्चिमेस, त्याच विस्तीर्ण आवारात, असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च व त्याला लागून असलेला मठ उभा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे पुराणवस्तुसंग्रहालय या मठात आहे, ही गोष्ट त्यांच्यापैकी अनेकांच्या ध्यानीही येत नाही.

या संग्रहालयाचे एक वैशिष्ट्य प्रथमच सांगितले पाहिजे. तेथील बहुतेक महत्त्वाच्या वस्तू मूळच्या त्या मठातील नाहीत. कोणी गावाबाहेरच्या माळावरून आली, कोणी राजवाड्याच्या दिवाणखान्यातून, तर कोणी भर चौकातून. प्रत्येक वस्तूने एकदा, काहींनी तर दोनतीनदा जागा बदललेली आहे. या स्थलांतरांचा मागोवा घेतला म्हणजे गोमंतकाचा हजार वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो. आणि ज्या वस्तूचा असा मागोवा लागत नाही तिचे मोल किती घटते, हेही तेथेच कळून येते.

नगराचे गाव कसे झाले

या स्थळाचे जुने नाव एळा. विजापूरच्या आदिलशाही अमलात हे भरभराटीचे बंदर होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकर्क याने ते निर्णायकरीत्या जिंकून घेतले आणि पुढे ते पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी बनले. मसाल्याचे पदार्थ, घोडे, रेशीम आणि चिनी मातीची भांडी यांच्या व्यापाराने सोळाव्या शतकात या नगराला जे वैभव प्राप्त झाले, त्याची वर्णने युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवली आहेत.

हे वैभव फार काळ टिकले नाही. डचांशी झालेल्या संघर्षात सागरी व्यापाराला ओहोटी लागली. त्याहून मोठा आघात रोगराईचा होता. येथील जमीन जांभ्या दगडाची व सच्छिद्र आहे. दाट वस्तीचे सांडपाणी जमिनीत मुरून विहिरींत उतरत असे. पटकी आणि हिवताप यांच्या साथींनी नगर ओस पडू लागले. १६९५ मध्ये राजप्रतिनिधी म्हणजे व्हाइसरॉय पणेली येथे राहावयास गेला; १७५९ मध्ये त्याचे निवासस्थान पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलले; आणि १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. दरम्यान १८३५ मध्ये धार्मिक संघांवर बंदी आल्याने मठही रिकामे झाले. ओस पडलेल्या इमारतींचे चिरे पणजीच्या बांधकामासाठी वाहून नेण्यात आले. अशा रीतीने एका नगराचे दगड दुसऱ्या नगरात गेले आणि मागे उरले ते काही चर्च, काही भग्नावशेष आणि एक गाव.

मठाची वास्तू

फ्रान्सिस्कन संघाचे आठ धर्मोपदेशक १५१७ मध्ये गोव्यास आले. त्यांनी प्रथम एक लहान प्रार्थनामंदिर बांधले. त्या जागी उभे राहिलेले चर्च १५२१ मध्ये समर्पित झाले. पुढे तेही पाडून १६६१ मध्ये सध्याचे चर्च बांधण्यात आले. नवे बांधकाम करताना जुन्या चर्चचा दरवाजा मात्र बांधणाऱ्यांनी तसाच ठेवला. काळसर दगडात घडविलेला, त्रिदल कमानीचा हा दरवाजा पोर्तुगालचा राजा मानुएल याच्या काळातील शैलीचा असून त्याच्यावर नौकानयनाशी निगडित गोलयंत्रे कोरलेली आहेत. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यातील साध्या दर्शनी भागात हा काळा दरवाजा वेगळा उठून दिसतो. जुन्या वास्तूची आठवण नव्या वास्तूत जपण्याची इच्छा त्या काळच्या बांधकाम करणाऱ्यांनाही होती, याचा हा ठळक पुरावा म्हणता येईल.

चर्चची व मठाची बांधणी जांभ्या दगडाची आहे. हा दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि वारा लागल्यावर कठीण होतो. परंतु त्याच्या अंगी छिद्रे असल्याने पावसाचे पाणी तो सहज शोषून घेतो. त्यामुळे कोकणपट्टीत जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा हे कवच असते. गिलावा नियमितपणे नवा केला नाही तर भिंत काही पावसाळ्यांतच खचू लागते. जुन्या गोव्यातील संत आगुस्तीनचे चर्च १८३५ नंतर ओस पडले आणि १८४२ मध्ये त्याचा घुमटाकार छताचा भाग कोसळला. १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा हिस्सा खाली आला. फ्रान्सिस्कन मठ मात्र टिकला. वापरात असलेली व निगा राखलेली वास्तू तग धरते, हा धडा या दोन शेजाऱ्यांच्या तुलनेतून मिळतो.

गोवामुक्तीनंतर तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने या मठात संग्रहालय स्थापन केले. १९८१–८२ मध्ये त्याची नव्याने मांडणी करण्यात आली. सारनाथ, सांची, नालंदा येथे विभागाने जे धोरण अवलंबिले होते तेच येथेही दिसून येते. प्राचीन स्थळी मिळालेल्या वस्तू दूरच्या महानगरात न नेता शक्यतो त्या परिसरातच ठेवाव्यात, म्हणजे वस्तू आणि तिची भूमी यांचा संबंध तुटत नाही, असे हे धोरण आहे. १९८६ मध्ये युनेस्कोने गोव्यातील चर्च व मठ यांचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला, तेव्हा त्यात या चर्चचा व मठाचाही अंतर्भाव झाला.

दगडावरील कथा : वीरगळ आणि सतीशिळा

संग्रहालयाच्या तळमजल्यावर दगडी शिल्पे, वीरगळ, सतीशिळा आणि शिलालेख मांडलेले आहेत. घाईत असलेला प्रेक्षक येथे फारसा रेंगाळत नाही, कारण या शिळा झिजलेल्या असतात. परंतु त्या वाचावयाच्या कशा, हे एकदा समजले म्हणजे त्या बोलू लागतात.

वीरगळ म्हणजे लढाईत किंवा गावाचे, गोधनाचे रक्षण करताना धारातीर्थी पडलेल्या वीराचे स्मारक. त्यावर साधारणतः तीन वा चार आडवे पट्टे कोरलेले असतात आणि ते खालून वर वाचावयाचे असतात. सर्वांत खालच्या पट्टीत युद्धाचा प्रसंग असतो. त्यावरील पट्टीत अप्सरा त्या वीराला स्वर्गास नेताना दिसतात. वरच्या पट्टीत तो शिवलिंगाची पूजा करीत असतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. चंद्र-सूर्य असेतोवर या वीराची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. सतीशिळेवर काटकोनात वाकविलेला, चुडा भरलेला हात असतो. या शिळांतून एका विशिष्ट काळाच्या समाजरचनेचे आणि तिच्यातील कठोर रूढींचे दर्शन घडते. त्याकडे गौरवाच्या नव्हे, तर इतिहासाच्या दृष्टीने पाहावयाचे असते.

गोव्याच्या कदंब राजांचा काळ अशा शिळांच्या दृष्टीने विशेष समृद्ध आहे. कदंबांची राजधानी प्रथम चंद्रपूर म्हणजे आजचे चांदोर येथे होती. अकराव्या शतकात ती जुवारीच्या काठी गोपकपट्टण येथे आली. हे समुद्रावर सत्ता चालविणारे घराणे होते आणि म्हणून नौकायुद्धाचे दृश्य कोरलेले वीरगळही गोव्यात सापडले आहेत. मुंबईजवळ बोरिवलीच्या एकसर गावातील प्रसिद्ध वीरगळांवरही असेच जहाजांचे युद्ध आहे. दोन्ही ठिकाणचे हे दगड एकत्र विचारात घेतले म्हणजे शिवपूर्वकालीन कोकणच्या आरमारी परंपरेचा पुरावा हाती लागतो. कागदोपत्री इतिहासात त्या खलाशांची नावे नाहीत. दगडावर निदान त्यांची नौका तरी आहे.

कदंबांच्या सुवर्णनाण्यांवर सिंहाची आकृती व ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ हे बिरुद आढळते. या सप्तकोटीश्वराचे देवस्थान मूळचे दिवाडी बेटावर, म्हणजे संग्रहालयापासून नदीच्या पलीकडे होते. सोळाव्या शतकात तिसवाडीतील देवळांचा विध्वंस झाला. भाविकांनी अनेक दैवते नदी ओलांडून पोर्तुगीज हद्दीबाहेर नेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि दिवाडीचा सप्तकोटीश्वर डिचोली भागातील नार्वे येथे गेला. नार्वे येथील देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला. संग्रहालयातील मूर्ती व शिळा पाहताना हा इतिहास लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. काही दैवते भक्तांच्या खांद्यावरून सुरक्षित गेली. जी मागे राहिली त्यांचे अवशेष शेतात, विहिरीत व पडक्या भिंतींत विखुरले गेले.

या दालनातील अरबी-फारसी लेख गोव्याच्या मुसलमानी अमलाची आठवण देतात. नागरी व फारसी अक्षरांतील लेख एकाच छपराखाली शेजारी शेजारी पाहता येणे, हे या भूमीच्या मिश्र इतिहासाला साजेसेच आहे.

राजप्रतिनिधींची चित्रे आणि अनाम चित्रकार

मठाच्या वरच्या मजल्यावरील चित्रदालन हे या संग्रहालयाचे सर्वपरिचित अंग आहे. पोर्तुगीज गव्हर्नर व व्हाइसरॉय यांची साठाच्या आसपास पूर्णाकृती चित्रे येथे आहेत. या मालिकेचा आरंभ दों जुआंव द कास्त्रो या गव्हर्नराने १५४७ मध्ये केला. आपल्या पूर्वीच्या अधिकाऱ्यांची चित्रे राजवाड्यात असावीत, असे त्याच्या मनात आले. त्याने हे काम गास्पार कोर्रेया याच्यावर सोपविले. कोर्रेया हा इतिहासलेखक. तरुणपणी तो आल्बुकर्कचा लेखनिक होता आणि त्या अधिकाऱ्यांना त्याने प्रत्यक्ष पाहिले होते.

कोर्रेयाने आपल्या इतिहासग्रंथात एक महत्त्वाची नोंद करून ठेवली आहे. ही चित्रे प्रत्यक्ष रंगविणारा कलावंत याच भूमीतला होता. कोर्रेया वर्णन करीत असे आणि तो चित्र काढीत असे. कोर्रेयाने त्याच्या अंगच्या कौशल्याची प्रशंसा केली आहे. नाव मात्र लिहिलेले नाही. जिंकणाऱ्यांची नावे व कुलचिन्हे प्रत्येक चित्रावर आहेत. ज्याच्या हातून ते चेहरे साकार झाले तो गोमंतकीय चित्रकार अनामच राहिला आहे. त्यातही पुढील शतकांत ही चित्रे वारंवार दुरुस्त करण्यात आली, त्यांवर नवे रंग चढविण्यात आले. त्यामुळे त्या पहिल्या चित्रकाराची रेषा आज कोठे कितपत उरली आहे, हे सांगणे तज्ज्ञांनाही अवघड आहे.

या चित्रांचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. प्रथम ती जुन्या गोव्यातील राजवाड्यात होती. राजधानी हलली तेव्हा ती पणजीच्या वाड्यात गेली. गोवामुक्तीनंतर ती पुन्हा जुन्या गोव्यात, परंतु राजवाड्याऐवजी मठात आली. राजवाड्यात असताना ती सत्तेची प्रतीके होती. संग्रहालयात ती वेशभूषा, शस्त्रे, चित्रकला आणि सत्तेची मानसिकता यांच्या अभ्यासाची साधने झाली आहेत. वस्तू तीच, जागा बदलली आणि अर्थ बदलला.

दोन पुतळे, दोन वाटा

हीच गोष्ट दोन पुतळ्यांच्या बाबतीत अधिक स्पष्टपणे दिसून येते. संग्रहालयात आल्बुकर्कचा ब्राँझचा पुतळा आहे. तो एकेकाळी पणजीत उभा होता. पणजीच्या आझाद मैदानावरील मंडप मूळ आल्बुकर्कच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकात उभारण्यात आला, आणि त्याचे स्तंभ जुन्या गोव्यातील एका डोमिनिकन वास्तूमधून नेलेले आहेत. आज त्याच मंडपात गोवा मुक्तिसंग्रामाचे अध्वर्यू त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य यांचे स्मारक आहे. म्हणजे जुन्या गोव्याचे खांब पणजीस गेले, पणजीचा पुतळा जुन्या गोव्यास आला, आणि खांबांच्या छायेत जिंकणाऱ्याच्या जागी मुक्तिसैनिकाची स्मृती विसावली.

दुसरा पुतळा लुईस द कामोंइश या पोर्तुगीज महाकवीचा. साडेतीन मीटरांहून उंच असा हा ब्राँझचा पुतळा पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या पर्वात, १९६० मध्ये, जुन्या गोव्याच्या चौकात बसविण्यात आला. कामोंइश काही काळ गोव्यात राहून गेला होता, हे खरे. परंतु चौकातील त्याची उभारणी ही राज्यसत्तेची घोषणा होती. मुक्तीनंतर तो चौकात असावा की नसावा, हा लोकभावनेचा प्रश्न झाला आणि १९८० च्या दशकात तो संग्रहालयात हलविण्यात आला. तो फोडून टाकण्यात आला नाही, की चौकातही ठेवण्यात आला नाही. पुतळा चौकात असला म्हणजे तो वंदनाची अपेक्षा करतो. संग्रहालयात असला म्हणजे तो प्रश्न विचारू देतो. परकीय सत्तेच्या खुणांचे काय करावे, या देशभर उपस्थित होणाऱ्या प्रश्नाला या गावाने दिलेले हे उत्तर विचार करण्याजोगे आहे.

जागेच्या नोंदीचे मोल

वस्तू हलविणे कधीकधी अपरिहार्य असते. परंतु ती नेमकी कोठून हलविली याची नोंद राहिली नाही, तर तिची अर्धी साक्ष नाहीशी होते. या संदर्भात जुन्या गोव्यातच घडलेले एक उदाहरण बोलके आहे.

जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासने शिराझ येथे ठार करविले. तिच्या अस्थींचा काही भाग आगुस्तीन संघाच्या धर्मोपदेशकांनी १६२७ मध्ये गोव्यास आणला आणि आपल्या मठातील सभागृहाच्या खिडकीत दगडी पेटीत ठेवला. कोणत्या बाजूच्या कितव्या खिडकीत, हेही जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत लिहून ठेवलेले होते. मठ कोसळला, रान माजले, पेटी नाहीशी झाली. परंतु नोंद शिल्लक होती. त्या नोंदीच्या आधारे पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले आणि या शतकाच्या आरंभी अस्थींचे अवशेष हाती आले. हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात त्यांच्या डीएनएची तपासणी झाली. तीत आढळलेला आनुवंशिक गट भारतात अत्यंत विरळ व जॉर्जियात आढळणारा निघाला. २०२१ मध्ये भारत सरकारने या अवशेषांचा एक भाग जॉर्जिया सरकारच्या स्वाधीन केला.

चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी खिडकीचा क्रम लिहून ठेवला नसता, तर हाडांचे ते तुकडे ढिगाऱ्यातील हजारो तुकड्यांत हरवून गेले असते. उलटपक्षी, ज्या वीरगळाचे गाव ठाऊक नाही तो कितीही सुबक असला तरी कोणत्या लढाईचा, कोणत्या सीमेवरचा, कोणत्या घराण्याचा हे सांगता येत नाही. आपल्या जागी राहिलेले दगड याच कारणाने मोलाचे ठरतात. बांदिवडे येथील नागेशी देवालयाच्या आवारातील १४१३ चा शिलालेख देवालयाला दिलेल्या दानाची हकीकत सांगतो आणि ते देवालय समोरच उभे आहे. जुन्या गोव्यात सेंट कायेटन चर्चजवळ आदिलशाही वाड्याच्या दरवाजाची चौकट अद्याप उभी आहे. वाडा नाहीसा झाला, पण तो कोठे होता हे त्या चौकटीमुळे निश्चितपणे सांगता येते.

ग्रामस्थांचे कर्तव्य

गोव्यात व लगतच्या कोकण, बेळगाव भागात अशा शिळा आजही गावोगाव आहेत. देवळाच्या प्राकारात, वडाच्या पारावर, शेताच्या बांधावर त्या दिसतात. रस्तारुंदी, घरबांधणी किंवा देवळाचे नूतनीकरण चालू असता त्या उखडल्या जाण्याचा संभव असतो. कित्येकदा श्रद्धेपोटीच त्यांच्यावर तैलरंग चढविला जातो, आणि रंगाचे थर साचून अक्षरे व आकृती बुजून जातात.

१९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, शिलालेख व नाणी, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते यांची गणना पुराणवस्तूंत होते. त्या खाजगीरीत्या देशाबाहेर पाठविण्यास बंदी आहे आणि दगडी शिल्पांसारख्या अधिसूचित वर्गांतील वस्तूंची नोंदणी आवश्यक आहे. परंतु कायद्यापूर्वी येते ती गावाची जागरूकता. जुनी शिळा आढळल्यास ती जागची हलवू नये. तिच्यावर रंग, सिमेंट वा चुना लावू नये. शेजारी मापाची पट्टी ठेवून तिचे छायाचित्र घ्यावे. वाडा, शेत, जवळची विहीर वा देऊळ, आणि शिळेचे तोंड कोणत्या दिशेस आहे, एवढी माहिती तारखेसह लिहून ठेवावी. त्यानंतर ग्रामपंचायतीमार्फत पुरातत्त्व खात्यास कळवावे. शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपल्या गावातील अशा शिळांची एक वही तयार करवून घेतली, तर तीच त्या गावाच्या संग्रहालयाची पहिली नोंदवही ठरेल.

जुन्या गोव्यास जाणाऱ्या प्रत्येकाने चर्चदर्शनानंतर थोडा वेळ या मठासाठी राखून ठेवावा. विशेषतः शाळांच्या सहली येथे आणताना प्रथम तळमजल्यावरील वीरगळ मुलांना खालून वर वाचून दाखवावेत आणि मगच वरच्या मजल्यावरील चित्रांकडे वळावे. आपल्या गावच्या पारावरील कोरलेला दगड कोणाचा, हा प्रश्न घेऊन मुले घरी परतली म्हणजे या संग्रहालयाचे कार्य सफल झाले असे समजावे.